पत्रकारितेच्या पदवीसंबंधीच्या संदेशाबाबत खुलासा

‘नव्या कायद्यानुसार पत्रकारितेची पदवी नसलेल्यांना पत्रकार म्हणून काम करता येणार नाही’ असा संदेश प्रवेशाच्या या दिवसांत फिरत असून, मीही तो शहानिशा न करता पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे, याबद्दल मी दिलगीर आहे.

संदेशात ज्याचा हवाला दिला आहे, तो 2023 चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा मी आता मुळातून वाचला. तो नियतकालिकांच्या नोंदणीविषयी आहे. बातमीदाराच्या शिक्षणाची अट त्यात नाही. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्यानेही पत्रकाराची व्याख्या पदवीवरून नव्हे, तर त्याच्या मुख्य व्यवसायावरून केली होती. किमान पात्रता ठरवण्यासाठी भारतीय प्रेस परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मार्च 2013 मध्ये समिती नेमली होती, पण तशी सक्ती कायद्यात आली नाही.

याचा अर्थ हे शिक्षण निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट किंवा भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र येथे वार्तांकन, संपादन आणि माध्यमविषयक कायदे शिस्तीने शिकता येतात. विद्यापीठात हा विषय नियमित सहायक प्राध्यापक म्हणून शिकवायचा असेल, तर साधारणपणे पदव्युत्तर पदवी लागते. मात्र इतिहास, अर्थशास्त्र वा विज्ञान शिकून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांना या संदेशाने विनाकारण धास्ती बसते, म्हणून तो कृपया पुढे पाठवू नये आणि जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा द्यावा.