जास्त अंतर, कमी वेळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

विमानाच्या वाटांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, ‘दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को एका वाटेने 13,900 किलोमीटर, सुमारे साडेसोळा तास. दुसऱ्या वाटेने 15,300, तरी साडेचौदा तास? चौथीतल्या पोरालाही पटणार नाही. शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला जाणारं विमानच आधी पोचायला हवं.’

आकडे पुन्हा तपासले, ते बरोबर आहेत. कारण नीट सांगायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं होतं.

2016च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने या विमानाची वाट बदलली. आधी ते पश्चिमेला अटलांटिकवरून जायचं, मग पूर्वेला पॅसिफिकवरून जाऊ लागलं. आता भागाकार करून बघा. 15,300 भागिले साडेचौदा म्हणजे ताशी साधारण 1,055 किलोमीटर. असं विमान स्वतःच्या जोरावर ताशी 900च्या आसपास उडतं. वरचे दीडशे वाऱ्याने दिले. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी 200च्याही पुढे जातो. अटलांटिकच्या वाटेवर हाच वारा समोरून येतो. तिथला भागाकार, 13,900 भागिले साडेसोळा, ताशी 842 येतो. पंढरपूरला चंद्रभागा भरून वाहत असताना होडीत बसला असाल, तर प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाण्यातला फरक तुम्ही पाहिलाच असेल.

पृथ्वी फिरते हे खरंच, पण हवाही तिच्याबरोबर फिरते. विमान त्या हवेतच उडतं, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को त्याला सामोरं येत नाही.

इंटरनेटवर अंतर शोधलंत तर तिसराच आकडा मिळेल, सुमारे 12,400. पृथ्वीगोलावर दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून धरा. तो थेट उत्तर ध्रुवाजवळून जातो. तेवढं ते सर्वांत कमी अंतर. प्रत्यक्ष वाट वारा, हवामान, बंद हवाई हद्द बघून ठरते. हे मूळ लेखात यायला हवं होतं. ती चूक माझी.

या विषयावर मी इतकं का लिहितो, तेही सांगतो. आपल्या सोलापुरातून किती आई-वडील मुलांकडे एकटे जातात! माझी आई पहिल्यांदा सॅन फ्रान्सिस्कोला गेली तेव्हा तिकिटावर पहाटे 4ला निघणं आणि त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरणं होतं. तिने साडेतीन तास धरले आणि रक्तदाबाची एकच गोळी पर्समध्ये ठेवली. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं, म्हणजे प्रवास सोळा तासांचा. बाकीच्या गोळ्या खाली सामानात गेल्या होत्या. सोलापूर ते मुंबईची रात्र आणि विमानतळावरचं थांबणं वेगळंच.

तुम्ही जूनमध्ये मुलाकडे निघालाय असं लिहिलंय. तिकिटावर ‘एकूण कालावधी’ अशी ओळ असते, ती बघा आणि जातानाची, येतानाची वेगवेगळी बघा. दोन दिवसांची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.