विक्रांत, विराट आणि पोर्ट्समथची गोदी

‘गोऱ्यांनी जपलं, आपण भंगारात घातलं.’ इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ बंदराच्या ऐतिहासिक गोदीत कुणी मराठी पाहुणे नेले की हे वाक्य येतंच. समोर इंग्रज नौसेनापती नेल्सनची युद्धनौका ‘व्हिक्टरी’ उभी, १७६५ साली पाण्यात उतरलेली. आणि मनात २०१४ साली तोडायला काढलेली आपली पहिली विमानवाहू नौका, जुनी ‘विक्रांत’. राग मलाही येतो. पण निम्मा इतिहास गाळून केलेला राग काय कामाचा?

याच बंदरात ‘इम्प्लेकेबल’ नावाचं जहाज असायचं. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत फ्रेंचांकडून लढलेलं, मग इंग्रजांच्या हाती लागलेलं. डागडुजी परवडेना म्हणून १९४९ साली इंग्रजांनीच ते समुद्रात नेऊन बुडवलं. लोखंडी ‘वॉरियर’ आज इथे दिमाखात मिरवते, पण तिने पन्नास वर्षं वेल्समध्ये तेलाचा धक्का म्हणून काढली. आणि ‘इम्प्लेकेबल’च्या शेजारी नांगरलेलं दुसरं जहाज? ते आपल्या मुंबईचं! १८१७ साली जहाजबांधणी करणाऱ्या वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’. ती वाचली, आणि हार्टलपूलच्या संग्रहालयात आजही तरंगते आहे.

म्हणजे फरक रक्तात नाही, व्यवस्थेत आहे. १५४५ साली बुडालेली इंग्रज युद्धनौका ‘मेरी रोझ’ १९८२ मध्ये वर काढली, तेव्हा लाकूड वाळून तडकू नये म्हणून तिच्यावर आधी थंड पाण्याचे आणि मग मेणासारख्या रसायनाचे फवारे २०१३ पर्यंत चालू ठेवले. एवढी वर्षं पैसा पुरवायचा कुणी? तिकिटं, देणग्या, लॉटरीचा निधी, आणि मंत्री बदलला तरी न बदलणारी विश्वस्त संस्था. आपल्याकडे ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेसाठी २०१८ मध्ये सिंधुदुर्गातल्या निवतीजवळच्या ८५२ कोटींच्या संग्रहालयाच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली होती. पुढे जहाज गुजरातेत अलंगला, जहाजं तोडण्याच्या किनाऱ्यावर गेलं.

विमानवाहू जहाज पाण्यात ठेवून सांभाळणं हा पांढरा हत्तीच. पहिला हट्ट त्याचा धरूच नये. मुंबईच्या नौदल गोदीत अठराव्या शतकातला दगडी ड्राय डॉक (पाणी काढून जहाज दुरुस्त करायची कोरडी गोदी) अजून आहे; सुरुवात तो लोकांना दाखवण्यापासून करावी. ‘सुरक्षेचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे, पण पोर्ट्समथही चालू नौदल तळच आहे; पर्यटक आणि युद्धनौका यांच्यामध्ये तिथे कुंपण घातलंय. मुंबईच्या गोदीच्या लायन गेटमधून महिन्याचे दोन रविवार, ओळखपत्रं तपासून, तिकीट लावून पन्नास-पन्नास माणसं आत सोडायला काय हरकत आहे?