तेवढा समुद्र येऊ द्या

हातातला तळलेला मासा सीगलने पळवला याचं दुःख नाही. तो पळवला तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात काकूंचा फोन होता, याचं आहे.

स्थळ हर्न बे, इंग्लंडातल्या केंटचा किनारा. रस्त्याकडेला अ‍ॅमी जॉन्सनचा माणसाएवढा ब्राँझचा पुतळा. मी खात खात बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज. "अहो, आपल्यातलेच ना? जरा फोटो काढता?" पंजाबी ड्रेसवर सुनेचं जाकीट, पायात मुलाचे मोजे.

"ही कोण हो?"

"अ‍ॅमी जॉन्सन. 1930 साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमानाने एकटी गेली."

"एअर होस्टेस?"

"वैमानिक, काकू. विमानात ती एकटीच, चहा देणार कोणाला?"

"मग नवऱ्याने शिकवलं असेल."

"लग्न नंतर झालं. 1932 साली."

"काय करायचा तो?"

"तोही वैमानिकच."

"बघा!"

काय बघा? सॉलिसिटरच्या कचेरीत नोकरी करता करता ही बाई उडायला शिकली. विमानाच्या ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळवणारी पहिली ब्रिटिश बाई. विमान घेतलं ते जुनंच, जिप्सी मॉथ जातीचं. नाव ठेवलं 'जेसन', वडिलांच्या मासळीच्या धंद्याचा मार्का. आणि श्रेय कोणाला, तर अजून भेटलाही नव्हता त्या नवऱ्याला! चिडून मी झाशी काढली. म्हटलं, वाटेत ती झाशीला उतरली होती.

"अगंबाई! मग राणी भेटली असेल."

"राणी 1858 मध्येच गेली, काकू."

"तसं नाही हो. वाड्यात वगैरे, कोणी घरचं."

मी हात टेकले. म्हणजे टेकले असते, पण एका हातात मासा होता.

"म्हातारपणी इथे राहायची का?"

"नाही. 1941 च्या जानेवारीत इथेच समोर विमान पडलं. देह मिळालाच नाही."

काकू गप्प झाल्या. पाण्याकडे बघत राहिल्या. मला उगाच तोंड टाकल्यासारखं वाटलं. मग त्यांनी पदर नसलेला खांदा सावरला, पुतळ्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "तेवढा समुद्र येऊ द्या मागे."

मी मागे सरकलो, वाकलो, आणि झडप. मासळीच्या व्यापाऱ्याच्या लेकीसमोर! काकू हसून लोटपोट. "काढलात का पण?" काढला होता. त्यांनी सतरा काढवले, वर नंबरही घेतला.

रात्री फोटो आला. काकू छान, समुद्र छान. अ‍ॅमीचं डोकं कापलेलं, ते मात्र माझ्या हातून. खाली लिहिलंय: 'एअर होस्टेस अ‍ॅमी, मूळ झाशी.'