प्रेस्कॉट ‘एकट्याच्या जिद्दीवर’ मोठा झाला?

अमेरिकन इतिहासकार विल्यम प्रेस्कॉटवरचा लेख आवडला, पण त्याने ‘अंधत्वावर एकट्याच्या जिद्दीने मात केली’ हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. एक तर तो पूर्ण आंधळा नव्हता. हार्वर्डच्या भोजनगृहात कुणीतरी भिरकावलेला पावाचा कडक तुकडा लागून डावा डोळा गेला. उजवा अधूनमधून सुजायचा, पण थोडंफार दिसायचं. आणि एकटा तर मुळीच नव्हता. वडील बोस्टनचे सधन वकील, त्यामुळे पोटापाण्याची चिंता नाही. माद्रिदहून कागदपत्रांच्या नकला करवून पाठवणारे स्पॅनिश विद्वान गायांगोस होते. पितळी तारांच्या चौकटीखाली कार्बनी कागद ठेवून तो हस्तिदंती टोकाने न बघता लिही, ते गिचमिड वाचून स्वच्छ उतरवणारे लेखनिकही होते.

मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तळटीपांनी भरलेलं पान मोठ्याने वाचताना घशाला कोरड पडते, तीही मराठीत! प्रेस्कॉटला सुरुवातीला वाचून दाखवणाऱ्या माणसाला तर स्पॅनिश येतच नव्हतं. अर्थ न कळता मारियाना या स्पॅनिश इतिहासकाराने लिहिलेल्या स्पेनच्या इतिहासाचे जाडजूड खंड तो नुसते उच्चारत राहिला. प्रेस्कॉटच्या १८४३च्या मेक्सिकोवरच्या ग्रंथाचं कौतुक करताना या माणसाला निदान एक ओळ तरी द्यायची होती.