घसारा गाडीला लागतो, सुट्या भागांना नाही

"नव्या छोट्या गाडीच्या पैशात पाच वर्षं वापरलेली मिडसाइज एसयूव्ही घ्या. घसारा पहिल्या मालकाने सोसला, तुम्ही फक्त चालवायची. रीडिंग कमी आणि मालक एकच असला की डोळे झाकून घ्या. त्यात फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर सोन्याहून पिवळं. शिवाय मोठी गाडी, म्हणजे सुरक्षितही." हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. माझ्या मेव्हण्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "भाऊजी, रविवारी एक गाडी बघायला याल?" त्या मजकुरातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच उरलेलं निम्मं महागात पडतं.

आधी घसारा. नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत सगळ्यात झपाट्याने उतरते, आणि ती उतरण दुसऱ्या मालकाच्या पथ्यावर पडते, यात वाद नाही. पण उतरते ती गाडीची किंमत. तिच्या टायरची, ब्रेक डिस्कची, शॉकअब्सॉर्बरची, टर्बोची उतरत नाही. गाडी छोटीच्या पैशात आली तरी गॅरेजचं बिल मोठ्या गाडीचंच येतं. आणि पाच-सहा वर्षांनी हे सगळं एकदमच अंगावर येतं: टायर, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश, क्लच. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट असतो आणि तो बऱ्याचदा लाखभर किलोमीटरच्या सुमारास बदलायचा असतो. तो चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. म्हणून भाव ठरवण्याआधी येत्या वर्षात काय काय बदलावं लागणार याची यादी करायची आणि ती रक्कम गाडीच्या किमतीत धरायची. त्यानंतरही सौदा परवडत असेल तर जरूर घ्या.

"रीडिंग कमी" याला माझे दोन आक्षेप आहेत. डिजिटल मीटरचा आकडा बदलता येतो, हा पहिला. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कव्हर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड यांची झीज मात्र सहसा लपत नाही, आणि सर्व्हिसच्या जुन्या बिलांवर त्या त्या वेळचे आकडे असतात. दुसरा आक्षेप फारसं कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. डिझेल गाडी खरोखरच कमी चाललेली असेल, तरी तेच तिचं दुखणं असू शकतं. नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला आतलं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन परतणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. फिल्टर चोंदतो. जाळण्याचा प्रयत्न अर्धवट राहिला की त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला तर समजून जा. महामार्गावर ८० हजार किलोमीटर पळालेली डिझेल मी अशा ३० हजार किलोमीटरच चाललेल्या गाडीआधी निवडेन.

मालक एकच असणं चांगलंच. पण त्या एकाने काय केलं? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभर चालतं" असं कित्येक जण धरून चालतात. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः मात्र ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. बिलं जपून ठेवणारे दोन मालक मला बिलं नसलेल्या एकापेक्षा बरे वाटतात.

आता "डोळे झाकून". त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा बॉनेटला हात लावला, गरम. गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन सुरू होतानाचा धूर आणि खडखड बघायचीच राहिली. मग मी गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर जोडला. एकही बिघाड नोंदलेला नव्हता, पण नोंदी पुसल्यापासून गाडी जेमतेम ११ किलोमीटर चालली होती आणि गाडीच्या स्वतःच्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसत होत्या. विक्रेता म्हणाला, बॅटरी बदलली. त्यानेही नोंदी पुसल्या जातात, हे खरं आहे. म्हणून मी म्हटलं, दोन दिवस चालवा, परत स्कॅन करू. तो तयार झाला नाही. आम्ही निघालो.

फोर-व्हील ड्राइव्हचं, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या यंत्रणेचं, थोडक्यात सांगतो. एक टायर फाटला की अनेकदा चारही बदलावे लागतात, कारण झिजेतला फरक त्या यंत्रणेला सोसत नाही. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडखळत असेल तर सोडून द्या.

राहिली सुरक्षितता. टकरीत वजन कामी येतं. पण उंच गाडी उलटण्याचा धोकाही जास्त, आणि गाडी घसरू लागली की आपोआप सावरून तो कमी करणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल जुन्या गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये नसू शकतं. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. लागलाच नाही, तर अपघातात उघडलेली एअरबॅग बदललेलीच नसावी, ही शंका घ्या. ताकाता एअरबॅगचं प्रकरण आठवा. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून त्यातलं रसायन बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. त्यात जीव गेले, आणि जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तुम्ही बघताय त्या गाडीचं असं काही काम बाकी आहे का, ते चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येतं.

मेव्हण्याने शेवटी ९० हजार चाललेली, दोन मालकांची गाडी घेतली. फाइलमध्ये पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं होती. टायरवर शेवटचे चार आकडे ३५१७ होते, म्हणजे ते २०१७ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेले, जुने. चारही टायर आणि टायमिंग बेल्टचे पैसे आम्ही भावातून कमी करून घेतले.