काकू, झीरो प्रीमियम!

डोकं फिरलंय आज, इथे लिहून मोकळी होते नाहीतर घरात भांडी आपटेन. विषय मेडिकेअर, म्हणजे इथला अमेरिकेतला पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा. ज्यांची पासष्टी लांब आहे त्यांनी पण वाचा, आम्हाला पण लांबच वाटत होती.

ह्यांना २०२५ च्या मार्चमधे ६५ झाली. त्याआधीच्या दिवाळीत इथे न्यू जर्सीत मंडळाच्या कार्यक्रमात एका टेबलावर हा ब्रोकर बसलेला. मराठी, आपलाच, दोन मिनिटांत काकू काकू सुरू. माझी सर्व्हिस एकदम फुकट, तुमच्याकडून एक सेंट घेत नाही म्हणाला, आणि मी एका हातात चकलीची बशी धरून दुसऱ्या हाताने फोन नंबर लिहून दिला. तीस वर्षं या देशात काढली तरी ही अक्कल नाही आली की इथे फुकट काय मिळतं.

मग फोन आला. सुरुवातीलाच त्याने एक वाक्य म्हटलं, नियमानं म्हणावंच लागतं त्यांना, की तुमच्या भागातले सगळे प्लॅन आम्ही देत नाही, पूर्ण माहितीसाठी मेडिकेअरला किंवा शिपला (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सरकारी सेवा) विचारा. पण म्हटलं कसं, तर दादर स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखं, एका दमात, आणि लगेच "हां तर काकू, झीरो प्रीमियम!" झीरो कसलं डोंबलाचं, मेडिकेअरच्या पार्ट बी चे २०२५ मधे महिन्याला १८५ डॉलर भरावे लागतच होते, ते कोण भरणार, तू?

जरा समजावून सांगते कारण आम्हाला कोणी सांगितलं नाही. ए म्हणजे हॉस्पिटल, बी म्हणजे डॉक्टर. बी मधे वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम (२०२५ मधे २५७ डॉलर), भरलं की पुढचे ८० टक्के सरकार देतं, २० टक्के तुमचे आणि त्या वीसला वरची मर्यादाच नाही. ते वीस झाकायला मेडिगॅप नावाची वेगळी पॉलिसी घ्यायची आणि गोळ्यांसाठी डी. नाहीतर हे सगळं गाठोडं एका प्रायव्हेट कंपनीच्या हातात द्यायचं, ते ॲडव्हांटेज. त्यात दात, चष्मा, जिम असं काय काय मिळतं, पण डॉक्टर त्यांच्या यादीतले आणि मोठी टेस्ट करायची तर बहुतेक वेळा आधी त्यांची परवानगी.

आमच्या या काकू काकू करणाऱ्या पुतण्याने, म्हणजे ब्रोकरने, दाखवले तीन प्लॅन, तिन्ही ॲडव्हांटेज. मेडिगॅपचं मी विचारलं तर म्हणे "ते महाग पडतं काकू, नंतर बघू". इथेच माझं टाळकं सटकतं. नंतर?? मेडिगॅप कंपनीने तब्येत न विचारता द्यायलाच पाहिजे ते बी सुरू झाल्यापासून फक्त ६ महिने, एकदाच. त्यानंतर आमच्या राज्यात कंपन्या तुमची फाईल बघून सरळ नाही म्हणू शकतात, आणि ह्यांना तर स्टेंट आहे. हडसनपलीकडे न्यूयॉर्कमधे वर्षभर कधीही देतात, आम्ही नदीच्या चुकीच्या काठावर घर घेतलं. आता मला सांगा, स्टेंटवाल्या माणसाला "नंतर बघू" म्हणणाऱ्याला हे माहीत नव्हतं? माहीत नसेल तर लायसन्स कसलं, आणि माहीत असेल तर मग काय बोलायचं.

कमिशनचं नंतर शोधलं मी. ॲडव्हांटेजला नवीन माणूस आणला की न्यू जर्सीत २०२५ मधे कंपनी ब्रोकरला ७८० डॉलरपर्यंत देऊ शकत होती, पुढे दरवर्षी निम्मे. नुसत्या डी प्लॅनला तेव्हा १०९. मेडिगॅपचं टक्क्यांवर असतं, कंपनीवर अवलंबून. घ्या की कमिशन, माझं काही म्हणणं नाही, पोटासाठी करतो माणूस. पण मग फुकट फुकट करून गळ्यात पडू नका.

आणि कार्डिऑलॉजिस्ट! फोनवर मी नाव स्पेलिंगसकट सांगितलं होतं, "आहेत काकू, सगळे आहेत". सप्टेंबरमधे अपॉइंटमेंटला गेलो तर रिसेप्शनवरची मुलगी कार्ड उलटं सुलटं करून बघते आणि म्हणते, डॉक्टर या कंपनीचं इन्शुरन्स घेतात पण हा प्लॅन नाही घेत. त्याच कंपनीचा दुसरा घेतात. म्हणजे कार्डावरचा लोगो तोच, खालची बारीक ओळ वेगळी. हे खुर्चीत छातीवर हात ठेवून बसलेले आणि मी काउंटरवर चष्मा लावून ती ओळ वाचतेय. पुतण्याला तिथूनच फोन लावला, व्हॉइसमेल.

शेवटी शेजारणीने त्या शिपच्या समुपदेशकाकडे पाठवलं, सरकारी मदत आहे, खरंच फुकट, त्यांना कमिशन नाही. सत्तरीची बाई, व्हॉलंटियर, समोर पिवळं पॅड. पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "वर्षातले किती महिने भारतात असता?" आम्ही दरवर्षी तीन महिने पुण्याला जातो, पुतण्याने एकदाही विचारलं नाही, आणि तो स्वतः पुण्याचा! तिने स्पष्ट सांगितलं, मेडिकेअर तिकडे जवळजवळ काही देत नाही, मेडिगॅपचा 'जी' नावाचा प्रकार घेतलात तर ट्रिपच्या पहिल्या ६० दिवसांत आलेल्या इमर्जन्सीचे २५० डॉलरनंतर ८० टक्के, आयुष्यभरात ५० हजारांपर्यंत. तिसऱ्या महिन्याचं काय, तर ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या. झालं, दोन मिनिटांचं काम.

आणि मग ती म्हणाली की ६५ ला पहिल्यांदाच ॲडव्हांटेज घेतलं असेल तर पहिल्या १२ महिन्यांत परत फिरता येतं आणि मेडिगॅप पण नाकारता येत नाही, ट्रायल राइट म्हणतात. बारा महिन्यांतले आठ आमचे गेलेत. अहो मी तिथे रडलेच. म्हणजे सुटलो म्हणून आनंद की आठ महिने हे कोणी बोललं नाही म्हणून राग, ते मलाच कळेना. आता फॉर्म भरतेय, महिन्याला दोनशेच्या आसपास जातील वर, जाऊ देत.

आणि काल रात्री व्हॉट्सॲपवर हलणारी पणती, खाली "काकू, २०२६ चे नवीन प्लॅन आलेत, डेंटल वाढलंय, ७ डिसेंबरच्या आत कळवा". सहा ओळी टाइप केल्या आणि खोडल्या. हे म्हणतात जाऊ दे गं, मंडळात तोंड दाखवायचंय. अहो तोंड त्याने दाखवायचंय, मी कशाला लपवू?