‘सर्वे भरा, पगाराइतकं कमवा’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

“घरबसल्या ऑनलाइन सर्वे भरा, दिवसाला फक्त दोन तास द्या आणि पगाराइतके पैसे कमवा. शिक्षण नको, अनुभव नको.” हा मेसेज थोड्याफार फरकाने सारखा फिरत असतो. खाली साइटच्या लिंक, पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट आणि काही ‘टिप्स’. त्यावर विश्वास ठेवून खातं उघडतात ते बहुधा पैशांची खरी निकड असलेले लोक: नोकरी गेलेले, शिकणारे, लहान मूल किंवा आजारी माणूस सांभाळताना घराबाहेर पडू न शकणारे. म्हणून यातला एकेक दावा नीट तपासला पाहिजे. सर्वे भरून थोडेफार पैसे मिळतात, हे खरंच आहे. पण त्यावर महिन्याचा हिशेब बसवता येत नाही.

“दोन तास द्या, दोन तासांची कमाई घ्या.”

सगळा घोळ इथेच आहे. पैसे तासावर मिळत नाहीत, पूर्ण झालेल्या सर्वेवर मिळतात. आणि तो पूर्ण करू द्यायचा की नाही, हे समोरची कंपनी ठरवते.

समजा, कपडे धुण्याच्या पावडरीबद्दलचा पंधरा मिनिटांचा सर्वे उघडला. आधी वय विचारतात, मग घरात माणसं किती, सामान कोण आणतं. मग घरातलं कुणी जाहिरात, मार्केट रिसर्च किंवा पत्रकारितेत आहे का. मग ब्रँडची लांबलचक यादी: गेल्या तीन महिन्यांत यातलं काय घेतलं, त्यावर टिक करा. पाच-सात मिनिटं गेली की पान बदलतं आणि “क्षमस्व, तुम्ही या सर्वेसाठी पात्र नाही” असं येतं. हाती काहीच नाही, नाहीतर नावापुरते दोन-चार पॉइंट. तुमचं काहीही चुकलेलं नसतं. त्या वयोगटातली जेवढी माणसं हवी होती तेवढी आधीच मिळाली, कोटा भरला, किंवा त्यांना हव्या असलेल्या ब्रँडवर तुमची टिक नव्हती. अशा तीनांतल्या एकाच सर्वेत निवड झाली, तर पंधरा मिनिटांच्या मोबदल्यासाठी अर्धा तास जातो. पुढचा सर्वे शोधण्यात गेलेला वेळ वेगळाच.

हा फुकट जाणारा वेळ मोजला तर काय दिसतं? ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवर सर्वेसकट अनेक छोटी ऑनलाइन कामं मिळतात. तिथल्या २,६७६ जणांनी केलेल्या सुमारे ३८ लाख कामांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काम शोधण्याचा, अर्धवट सुटलेल्या आणि नाकारल्या गेलेल्या कामांचा वेळ धरल्यावर कमाईच्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणाऱ्या माणसाची कमाई निघाली तासाला सुमारे २ डॉलर. अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. त्याहून जास्त कमावणारे जेमतेम ४ टक्के होते.

बरी उदाहरणंही आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या प्रोलिफिक या संशोधनासाठीच्या सर्वेंच्या साइटवर संशोधकांना तासाला किमान ८ डॉलरच्या हिशेबाने पैसे द्यावे लागतात आणि प्रोफाइल बघून लोक आधीच निवडता येतात, त्यामुळे मध्येच हाकलले जाण्याचे प्रसंग कमी. पण तिथे सगळ्या देशांतल्या लोकांना घेत नाहीत, प्रतीक्षायादी असते, आणि हवं तेव्हा काम मिळेलच असं नाही.

“जितकी खाती, तितकी कमाई.”

वेगवेगळ्या साइटवर दिसणारे सर्वे पुष्कळदा एकाच बाजारातून आलेले असतात. एकीकडे भरलेला सर्वे दुसरीकडे पुन्हा उघडला, तर डुप्लिकेट म्हणून बाहेर काढतात. कमाई दहापट होत नाही. उत्पन्न, आजार, मुलांची वयं ही माहिती मात्र दहा ठिकाणी जाते.

“अपात्र ठरलात तर उत्तरं बदलून बघा.”

या मेसेजमधली ही सगळ्यात वाईट टीप. गाडी नसताना ‘आहे’ म्हणा, वय पाच वर्षांनी कमी सांगा. कंपन्यांना हे ठाऊक असतं, म्हणून तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारतात, जुन्या प्रोफाइलशी ताडून पाहतात, मध्येच “इथे तिसरा पर्याय निवडा” असं सांगून लक्ष आहे का ते तपासतात. विसंगती सापडली की खातं बंद, आणि साठवलेले पॉइंटही गेले.

शिवाय त्या उत्तरांवर पुढे कुणीतरी निर्णय घेणार असतं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या जनमताचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये ज्यात कुणीही आपणहून सामील होऊ शकतं अशा ऑनलाइन सर्वेत विचारलं, “अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना तुमच्याकडे आहे का?” तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. अशी उत्तरं वाढली की तपासणी आणखी कडक होते, आणि खरं सांगणारी माणसंही त्या चाळणीत अडकतात.

“पॉइंट म्हणजे रोख पैसेच.”

पैसे काढायला किमान रक्कम जमावी लागते. कित्येक जण तिथपर्यंत पोचायच्या आधीच कंटाळतात. काही साइटवर बरेच दिवस लॉगिन केलं नाही तर पॉइंट बाद होतात. खातं उघडण्याआधी हे दोन नियम शोधून वाचा. सापडत नसतील तर तिथे वेळ घालवू नका.

“नोंदणी फी एकदाच, मग कमाईच कमाई.”

इथे मात्र थांबाच. सर्वेत माहिती कंपनीला हवी असते, म्हणून पैसे तिने द्यायचे. भरणाऱ्याकडून फी मागणारा मार्केट रिसर्च करत नाही. याच वाटेने ‘टास्क’ची फसवणूकही येते: आधी लाइक किंवा रेटिंग द्यायचे किरकोळ पैसे खरोखर हातात पडतात, विश्वास बसतो, आणि मग पुढचं काम ‘अनलॉक’ करायला स्वतःचे पैसे भरायला सांगतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे अशा सुमारे ५,००० तक्रारी २०२३ च्या संपूर्ण वर्षात आल्या होत्या. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच त्या २०,००० च्या घरात गेल्या.

“हा घ्या पुरावा, स्क्रीनशॉट बघा.”

स्क्रीनशॉट खराही असू शकतो. पण अनेक साइट नवीन माणूस आणणाऱ्याला बक्षीस देतात, काही तर त्याच्या कमाईतला ठरावीक हिस्सा. मेसेजमधल्या लिंक बहुतेकदा रेफरलच्या असतात. म्हणून पाठवणाऱ्याला सरळ विचारा: यातले स्वतः सर्वे भरून किती मिळाले, त्याला किती तास लागले, आणि लिंकवरून आलेल्या लोकांमुळे किती?